उजेड दाखवलेली खुंटी

घरजावयाला तोंड नसावं, आणि असलंच तर त्यानं ते जेवणापुरतं उघडावं, असं मिझोबेंच्या घरातली शिगेनो आल्यागेल्याला ऐकवायची. तिचा घरजावई तादायुकी या बाबतीत आजवर बावनकशी निघाला होता. तिच्या मिसाओशी लग्न करून तो आला तो स्वतःचं आडनाव उंबऱ्याबाहेर ठेवून, मिझोबे होऊनच आत शिरला. तेव्हापासून ‘हो आई’, ‘बघतो आई’, ‘झालं आई’ यापलीकडे त्याच्या तोंडून फारसं काही कुणी ऐकलं नव्हतं. आणि त्याच माणसानं गावाबाहेर जाऊन, एका परक्या बाईसमोर, घराण्याची पिढ्यानपिढ्यांची ठेव बोलून दाखवावी. म्हणजे घरात दातखीळ आणि बाहेर जीभ सैल.

कळलं तेही त्याच्या तोंडून नव्हेच. शिगेनो पडवीत बसून सोललेली तुरट पर्सिमनची फळं वाळवणासाठी दोरीला बांधत होती. टेलिफोन वाजला. खालच्या शहरातली दातांची डॉक्टरीण मिनेगिशी बोलत होती. आवाज गोड, बोलणं अदबीचं. म्हणाली, “आजी, बुधवारी तादायुकी येतील तेव्हा त्यांच्याबरोबर मुखवटा पाठवाल का? घासाची खाच नेमकी कुठल्या दातावर येते ते मला एकदा बघायचंय.”

शिगेनोच्या हातातली दोरी सुटली आणि पर्सिमनं पडवीभर घरंगळली.

नुसतं मुखवटा म्हणाली असती तर एक वेळ चाललं असतं. मुखवटा अख्ख्या कुरुमिदानी गावाला ठाऊक होता. भात कापून झाला, फळं टांगून झाली, की डोंगरातला म्हातारा देव गावात उतरतो आणि देवळाच्या पटांगणात नाचतो. म्हाताऱ्याचं तोंड म्हणजे सुपाएवढा लाकडी मुखवटा, घोड्याच्या केसांची दाढी, वजनाला चांगला दणदणीत. त्याला दोरी नाही, पट्टा नाही. देवाचं तोंड बांधायचं नसतं. तरी नाचणारा वाकतो, गिरक्या घेतो, उड्या मारतो आणि मुखवटा जागचा हलत नाही. तो कसा टिकतो हे गावात कुणी विचारत नाही, पोरांना सांगतात की म्हातारा स्वतःच धरून बसतो.

धरून बसतात ते मिझोबेंचे दात. मुखवट्याच्या आत एक आडवी लाकडी पट्टी आहे. ढोल वाजू लागल्यापासून थांबेपर्यंत नाचणाऱ्यानं ती दातांत धरायची, आवंढासुद्धा जपून गिळायचा. घराण्यातल्या पुरुषांच्या उजव्या सुळ्यानं त्या पट्टीला खाच पडली आहे आणि सगळा भार त्या एका दातावर येतो. या पट्टीला घरात घास म्हणतात. हा शब्द घराच्या भिंतींबाहेर कधी गेला नव्हता. गावातल्या शहाण्यांना अंदाज असेलही. पण अंदाज असणं निराळं आणि घरच्या माणसानं स्वतः सांगणं निराळं. ज्याच्या तोंडून हे बाहेर जाईल त्याच्या तोंडून मुखवटाही जाईल, अशी शपथ नाचणाऱ्याला पहिल्या दिवशी घ्यावी लागते. तादायुकीनंही घेतली होती, शिगेनोच्या समोर, गुडघे टेकून.

आणि मुखवटा गेला की कुठे जाणार? धाकट्या पातीकडे, तिच्या दिराकडे, गेन्झोकडे. गेन्झो सत्तरी ओलांडलेला, पण तोंडात सगळे दात शाबूत, आणि ते दाखवायची एकही संधी तो सोडत नसे. नवऱ्याच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला सगळे रडत असताना हा भाजलेला सुका माकूळ कराकरा चावत होता, ते शिगेनो विसरली नव्हती. एकदा मुखवटा त्याच्या घरात शिरला की परत मागायला कोण जाणार, आणि तो देणार कशाला? गेन्झोला दोन मुलगे होते, दोघांचेही जबडे घोड्यासारखे. शिगेनोला मुलगा नव्हता. होता तो हा घरजावई.

त्या रात्री जेवताना तिनं त्याला काही विचारलं नाही. नुसतं बघत राहिली. तो मऊ भात आणि टोफूचं सार डाव्या गालात घोळवून घोळवून गिळत होता. हे त्याचं हिवाळ्यापासूनचं चाललं होतं. बागेत छाटणी करताना शिडीवरून पडला, नेमका उजवा सुळा गेला. शहरात जाऊन नवा बसवून घेतो म्हणाला. शिगेनोनं विचार केला, चांगलं आहे, हल्ली पैसे टाकले की सगळं बसवून मिळतं. मग वसंतात एकदा, पुन्हा उन्हाळ्यात एकदा गाल सुजवून आला. बाळंतिणीला लागत नसेल इतकं पथ्य त्यानं दाताला लावून घेतलं होतं, असं ती मिसाओला म्हणाली होती, तो ऐकत असताना.

वर आणखी एक. दर महिन्याच्या एक तारखेला मुखवटा पेटीतून काढायचा आणि नाचणाऱ्यानं थोडा वेळ घास दातात धरायचा, म्हणजे तोंडाची सवय मोडत नाही, अशी घरातली रीत. मुखवटा तोंडाशी धरायचं काम शिगेनोचं. जूनपासून मात्र दर एक तारखेला ह्याचं काहीतरी निघायचं. कधी सर्दी, कधी फळबागायतदारांची बैठक, कधी ट्रकचं टायर. शिगेनोला वाटलं होतं आळस आहे. आता तिला वाटलं, आळस नव्हे, ह्याचं मनच या घरातून उठलंय.

एक तारीख चार दिवसांवर आली होती. त्याच दिवशी गेन्झो आणि देवळाचे पंच मुखवटा बघायला येणार होते. त्याआधी तिला ठरवायचं होतं, मुखवटा कुणाच्या तोंडात द्यायचा ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुणाला न सांगता बसनं शहरात गेली. एवढंच पाहायचं होतं की ह्या माणसानं काय काय ओकलंय. शिवाय त्या डॉक्टरणीला दोन शब्द सुनवायचेही होते. ते तिनं बसमध्येच जुळवून ठेवले होते. शिगेनोची शाळा लढाईच्या दिवसांतली. मास्तर पोरांना अक्षरं शिकवायचे सोडून डोंगरात पाईनची मुळं खणायला न्यायचे, त्यातून विमानांचं तेल निघणार होतं म्हणे. तिला मोठाली अक्षरं अजून अडखळत वाचावी लागत, पण बोलायला ती कधी अडखळली नव्हती.

दवाखान्यात चपला काढून तिथल्या सपाता घालाव्या लागल्या. त्या पायाला मोठ्या झाल्या, चालताना फटफट वाजत होत्या, आणि तोऱ्यात आत शिरायचा तिचा बेत तिथेच निम्मा वाया गेला.

मिनेगिशी चाळिशीची बाई, नागोयाची. म्हाताऱ्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा ह्या डोंगराळ भागात कुणी यायला तयार नव्हतं, ती आली. तिनं शिगेनोला आतल्या खोलीत बसवलं, चहा आणला. शिगेनोनं चहाला हात लावला नाही.

“आमच्या जावयानं तुम्हाला काय काय सांगितलंय, ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय,” ती म्हणाली.

डॉक्टरणीचा चेहरा उतरला. आपण टेलिफोनवर काय करून बसलो ते तिला आत्ता उमगलं. तादायुकीनं तिला बजावलं होतं की हे बाहेर कुणालाच कळता कामा नये. पण घरातल्या थोरल्या बाईला तर सगळं ठाऊकच असणार, मग तिच्यापाशी काय लपवायचं, असं तिनं धरून चाललं होतं. त्यानं आपल्याला सांगितलं हेच मुळी घरापासून लपवायचं होतं, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. ती खुर्चीवरून उठली आणि माफीसाठी कमरेत वाकू लागली.

“ते राहू द्या,” शिगेनो म्हणाली. “बसा आणि सांगा.”

मग डॉक्टरणीनं टेबलाच्या खणातून एक छोटी काचेची बाटली काढून तिच्यासमोर ठेवली. आत धातूची एक बारीक खुंटी होती, आटे पाडलेली, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी. ही मार्चमध्ये तादायुकींच्या जबड्यात बसवली होती, ती म्हणाली. दात म्हणजे वरचं टोपण, खरा आधार ही खुंटी. हाड हळूहळू तिच्यावर चढतं आणि तिला धरून ठेवतं. पण हाडानं धरेपर्यंत तिच्यावर ओढ पडता कामा नये. तसं तिनं त्यांना सांगितलं होतं. मऊ खा, त्या बाजूनं चावू नका. त्यांनी ‘हो’ म्हटलं होतं.

“तो ‘हो’च म्हणतो,” शिगेनो म्हणाली.

मेअखेरीला तो तपासणीला आला. डॉक्टरणीनं चिमट्यानं नुसतं धरून बघितलं, तर खुंटी ओल्या मातीतल्या काडीसारखी निघून हातात आली. हाडानं तिला धरलंच नव्हतं. डॉक्टरीण सांगत होती, की तिला त्याचं कारण सापडेना. माणूस तंबाखू ओढत नाही, साखरेचा आजार नाही, हाड चांगलं. म्हणजे चूक आपल्याच हाताची. भोक पाडताना हाड तापलं असेल, नाहीतर खुंटी तिरकी गेली असेल. आता दुसऱ्या कुणाच्याही तोंडात खुंटी बसवायची नाही, असं तिनं तिथल्या तिथे ठरवलं.

“त्याच दिवशी मी तादायुकींची माफी मागितली,” ती म्हणाली. “मान खाली घालून उभी राहिले. म्हटलं, दोष माझा आहे. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, डॉक्टर, मान वर करा, मी चावलोय. कशाला चावलात, विचारलं, तर सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, आता मुखवटा माझा राहिला नाही.”

शिगेनोनं चहाचा पेला उचलला आणि तो तसाच हातात धरून बसली.

एप्रिलची एक तारीख तिला आठवली. खुंटी बसवून तेव्हा महिनाही झाला नव्हता. तिला खुंटीबिंटी ठाऊक नव्हती, नवा दात बसलाय एवढंच ठाऊक होतं. काढता-घालता येणारा तात्पुरता दात होता तो, त्याच्या खाली हिरडीत ही खुंटी. तिनंच मुखवटा त्याच्या तोंडाशी धरला होता. त्यानं घास दातात घेतला आणि त्याचे डोळे पाण्यानं भरले. तिला वाटलं होतं, देवाच्या दर्शनानं. मे महिन्यात पुन्हा तेच.

“मग आत्ता त्याच्या तोंडात काय आहे?” तिनं विचारलं.

दुसरी खुंटी आहे, डॉक्टरीण म्हणाली. पण तिच्या वेळी गोष्ट अवघड होती. एकदा खुंटी निघाली की तिथलं हाड आधीच दमलेलं असतं, त्यात सण नोव्हेंबरात. म्हणून ती नागोयाला आपल्या गुरूंकडे गेली आणि तिथून एक दिवा घेऊन आली. आता तो कोपऱ्यात ठेवला होता, भात शिजवायच्या भांड्याएवढी पांढरी पेटी. तिच्यात अतिनील उजेड असतो. खुंटी जबड्यात घालायच्या थोडा वेळ आधी त्या उजेडात ठेवायची.

“उन्हात जो असतो तोच? ज्यानं कातडी काळवंडते?”

“तोच. पण जोरदार, आणि पेटीत कोंडलेला.”

“आणि त्यानं लोखंड काय गोरं होतं?”

डॉक्टरणीला हसू आलं. लोखंड नव्हे, टायटॅनियम, ती म्हणाली, आणि गोरंही होत नाही, दिसायला तसंच दिसतं. तिनं फडताळातून दोन चकत्या काढल्या, नाण्याएवढ्या, एकाच धातूच्या. कंपनीच्या माणसानं दाखवायला दिलेल्या. एक चकती तिनं दिव्याच्या पेटीत ठेवली आणि बटण दाबलं. पाव तास त्या दोघी समोरासमोर बसून राहिल्या. शिगेनोनं तेवढ्यात खोलीतली धूळ कुठे राहिलीय ते पाहून घेतलं. कुठे राहिली नव्हती. याचाही तिला थोडा राग आला.

मग डॉक्टरणीनं दोन्ही चकत्यांवर पाण्याचा एकेक थेंब टाकला. पहिल्या चकतीवरचा थेंब मोत्यासारखा गोल उभा राहिला. चकती कलती केली तर इकडून तिकडे पळायला लागला, अगदी अळवावरचं पाणी. उजेड दाखवलेल्या चकतीवर मात्र थेंब पडला आणि दिसेनासाच झाला. पाणी काठापर्यंत पसरलं आणि सगळी चकती ओली होऊन चमकायला लागली.

“रक्ताचंही असंच होतं,” डॉक्टरीण म्हणाली. “या धातूवर हवेतला मेणचटपणा बसतो. डोळ्यांना दिसत नाही. नवी खुंटीसुद्धा कारखान्यातून निघाली की दिवसेंदिवस शिळी होत जाते. हाड तिला धरतं, पण आढेवेढे घेत धरतं. उजेडानं तो थर जातो, मग रक्त तिच्या अंगाला लागतं आणि हाड लवकर चढतं.”

“पण खुंटी तर डबीत बंद असेल. मोहोर लावलेली.”

“असते.”

“बंद डबीतसुद्धा शिळी होते?”

“होते, आजी.”

शिगेनोनं ती ओली चकती हातात घेतली, उलटसुलट केली. तिला हे पटलं नाही, पण डोळ्यांनी पाहिलं होतं त्याला काय करणार. चांगलं ते झाकून ठेवावं, बंद ठेवावं, म्हणजे नासत नाही, यावर तिनं अख्खा संसार केला होता. “बंद डबीत,” ती पुन्हा एकदा म्हणाली, विचारल्यासारखं नाही. आणि चकती टेबलावर ठेवून दिली.

मग तिनं कामाचं विचारलं. आता ती दुसरी खुंटी हाडानं धरलीय की नाही?

ऑगस्टच्या सुरुवातीला बसवली, डॉक्टरीण म्हणाली. खुंटीवर छोटी काडी बसवून तिच्याजवळ पेनासारखं एक यंत्र धरतात, ते किणकिणतं आणि पकड किती ते सांगतं. दर खेपेला पकड वाढत गेलीय, दमलेल्या हाडात एवढ्या लवकर एवढी वाढेल असं तिलाही वाटलं नव्हतं. दिव्यामुळेच, असं ती छातीठोक म्हणणार नाही. पुस्तकांत चांगलं लिहिलंय, तिनं स्वतः थोड्याच जणांत पाहिलंय. पण दिवा नसता तर आज तात्पुरतं टोपणसुद्धा बसवायला ती धजली नसती.

“म्हणजे चावता येईल.”

“भात चावता येईल. मासा चावता येईल. पण मुखवटा म्हणजे चावणं नाही, ती ओढ आहे, पुढून आणि बाजूनं, आणि नाचताना झटके. टिकेलही कदाचित. पण नाही टिकली तर तिसरी बसवायला तिथे हाड उरणार नाही.”

“हे त्याला सांगितलंय?”

“सांगितलंय.”

“काय म्हणाला?”

“हो म्हणाले.” डॉक्टरणीनं दोन्ही चकत्या पुसून ठेवल्या. “आजी, माझ्या सांगण्याचा उपयोग नाही. तुम्ही एक तारखेला तो मुखवटा त्यांच्या तोंडाशी धरलात तर ते चावतील. शपथ मोडल्याची भरपाई म्हणून तरी चावतीलच. म्हणून मी टेलिफोन केला. वाटलं, घास बघून दुसऱ्या दातांवर काही भार टाकता येतो का ते पाहावं. एवढ्या दिवसांत ते जमणारं नाही, खरं सांगायचं तर. पुढच्या वर्षीसाठी जमेल.”

आणि ती पुन्हा उठून वाकायला लागली, टेलिफोनच्या चुकीसाठी.

“पुरे झालं,” शिगेनो म्हणाली. “तुमच्या वाकण्यापायीच एवढं रामायण झालंय.” पण थंडगार झालेला चहा तिनं घोटाघोटानं सगळा प्यायला, आणि निघताना, कुणी बघत नाही असं पाहून, स्वतःच दारात थांबून डॉक्टरणीला वाकून नमस्कार केला. थोडासाच.

परतीच्या बसमध्ये तिला खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. ती हिशेब मांडत होती, पण तो लागत नव्हता. मुखवटा तादायुकीला दिला तर तो नाचेल. पंच खूष, गेन्झोचं तोंड बंद, घराण्याची अब्रू शाबूत. हा माणूस पट्टी दातात धरून नाचेल आणि आतल्या आत खुंटी हलली तरी ढोल थांबेपर्यंत कुणाला कळणार नाही. नंतरही तो सांगणार नाही. मुखवटा काढून घेतला तर शपथेप्रमाणे झालं, त्यात कुणी बोट ठेवणार नाही. पण तो गेन्झोच्या घरी गेला की गेला. तिचा नवरा त्या मुखवट्यामागे नाचला होता, त्याचा बाप नाचला होता. चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात. इथे दात होते तेही दुसऱ्याच्या तोंडात.

आणि मग तिच्या मनात आलं ते ती हाकलून देत होती. ते येत राहिलं. त्या बाईनं मान खाली घातली तेव्हा त्याला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं तर त्याचा हातचा मळ. ती बाई आपली चूक समजून घेऊन बसली असती, मुखवटा त्याचाच राहिला असता, शपथही. एक शब्द न बोलता सगळं वाचत होतं. आणि नेमका तिथेच तो बोलला.

घरी पोचली तर मिसाओ पडवीत उभी. आई बसनं शहरात गेली हे शेजारणीकडून कळलं होतं. मिसाओनं डोळ्यांनीच आत बघ म्हणून सांगितलं.

आतल्या खोलीत, पूर्वजांच्या देवघरासमोर, मुखवट्याची पेटी काढून ठेवलेली होती. तिच्यावर नाचाचे पांढरे कपडे घडी करून ठेवलेले, वर कमरेचा पट्टा. तादायुकी त्या पेटीसमोर गुडघे मोडून बसला होता. किती वेळ बसला होता कुणास ठाऊक. ती आत आली तसं त्यानं कपाळ चटईला टेकवलं.

“आई, मी शपथ मोडली,” तो म्हणाला. “हे सगळं काकांकडे पोचवून येतो. परवानगी द्या.”

शिगेनो बसली. गुडघे दुखत होते, पण तिनं तोंडावर दिसू दिलं नाही.

“एक तारखेला मी हा तुझ्या तोंडाशी धरला असता,” ती म्हणाली, “तर तू काय केलं असतंस?”

“घेतला असता.”

“आणि खुंटी निघाली असती तर?”

तिनं पेटी आपल्याकडे ओढली.

“तिसरीला हाड नाही, ठाऊक होतं?”

“हो आई.”

मिसाओ दाराशी येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात अर्धवट सोललेलं एक फळ होतं, ती ते ठेवायचं विसरली होती. शिगेनोनं पेटीवरचे कपडे उचलून बाजूला ठेवले, झाकण काढलं, आतल्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. मग झाकण होतं तसं बसवलं. तादायुकीचं कपाळ अजून चटईला टेकलेलंच होतं.

“डोकं वर कर आणि ऐक,” ती म्हणाली. “शपथेचं आधी सांगते. ती बाई तुझ्या चुकीपायी वाकून उभी होती आणि तू तिला तशी राहू दिली नाहीस. शपथ तिथे मोडली, आणि तिथे मोडायलाच हवी होती. गप्प बसून घरी आला असतास आणि मला मागाहून कळलं असतं, तर मुखवटाच काय, तुझा जेवणाचा वाडगासुद्धा मी काढून घेतला असता. आता दुसरं. एप्रिलात मी हा तुझ्या तोंडाशी धरला तेव्हा ‘आई, आज नको’ एवढं तुला म्हणता आलं नाही. म्हटलं असतंस तर हे घर काही बुडत नव्हतं. ती चूक तुझी. तुला तसं घडवलं कुणी ते मला ठाऊक आहे, तू सांगायला जाऊ नकोस. यंदा मुखवटा गेन्झो नाचवेल. मुखवटा पोचवायला नाही, ‘यंदापुरतं नाचशील का’ असं मागायला त्याच्या दारात मी जाईन, तू नाही. मान मला घालायची आहे, आणि ती किती खाली घालायची ते मला कळतं. तो हसेल, हसू दे, दात आहेत त्याला. पुढच्या वर्षी परत आणायलाही मीच जाईन, आणि तेव्हा तो हसणार नाही. पण मुखवटा त्याच्याकडे जायच्या आधी, या बुधवारी, पेटी घेऊन त्या डॉक्टरणीकडे जा, घास तिच्या हातात दे, काय मोजायचं ते मोजू दे. मुखवटा तुझा आहे, तुझाच राहील, पण हाड धरेपर्यंत तो तुझ्या तोंडात जाणार नाही. हा माझा निकाल. आता ऊठ, पाय बधिर झाले असतील. आणि यापुढे या घरात दुखलं, तर दुखतंय म्हणायचं.”